मी फिरवतो, तू सांग

पियानोच्या तारांच्या खुंट्यांवरची धूळ ब्रशने झटकता झटकता धाकट्यांचा हात मध्येच थांबला. पियानो नृत्यशाळेचा होता. सकाळी साडेनऊला चार हमालांनी तो उतरवला, आणि नृत्यशाळेच्या मुख्य बाईंनी तो कसा उतरवायचा ते सांगितलं; दोहोंत जास्त घाम कशाने निघाला ते हमालच सांगू शकले असते. उद्या नऊच्या आत परत पाहिजे, मुलींच्या पायांना तालाशिवाय वाईट सवयी लागतायत, एवढं बजावून बाई गेल्या. धाकट्यांनी वरचं झाकण उघडलं, पुढची फळी काढून भिंतीला टेकवली. आत बिडाची चौकट, तिच्यावर सोनेरी रंग, रंगावर धूळ, आणि धुळीत रांगेने उभ्या असलेल्या दोनशे अठ्ठावीस लोखंडी खुंट्या, प्रत्येकीच्या कमरेला एकेका तारेचे वेढे. त्यांनी डावीकडून, जाड तारांकडून सुरुवात केली होती, कारण त्यांचे वडील डावीकडून करायचे, आणि वडील डावीकडून करायचे कारण आजोबा करायचे. आजोबा डावखुरे होते ही गोष्ट या हिशेबात कोणी धरली नव्हती. उजव्या टोकाला, जिथे तारा बोटभर लांबीच्या उरतात, तिथली धूळ उडाली आणि खाली रेघा दिसल्या. प्रत्येक खुंटीच्या माथ्यावर टोच्याच्या टोकाने ओढलेली एक बारीक रेघ, आणि तिच्या पायाशी, सोनेरी रंगात, दुसरी. शेवटच्या बारा पट्ट्या, पट्टीला तीन तारा, म्हणजे छत्तीस खुंट्या आणि रेघांच्या छत्तीस जोड्या. पहिल्या क्षणी धाकट्यांना वाटलं, या आपल्याच रेघा. टोचा तोच, हात तोच, रेघ संपताना डावीकडे किंचित वळते ती लकबसुद्धा तीच. मग आठवलं, हा पियानो गेल्या एकतीस वर्षांत कारखान्याची पायरी चढलेला नाही.

त्यांनी ब्रश खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि स्वच्छ झालेल्या जागेवरूनच तो परत फिरवू लागले. मागे, खिडकीजवळच्या बाकावर, लेक हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा पॉलिशकागदाने घासत बसली होती. तिला दिसेल म्हणून ते थोडे उजवीकडे सरकले. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पोट सुटलेला, चष्मा कपाळावर चढवलेला, पियानोच्या आणि स्वतःच्या मुलीच्या मध्ये आडवा उभा राहिला, तेव्हा मनात एक प्रश्न आला की आपण कोणाची रेघ लपवतोय, आपली का वडिलांची, अण्णांची.

कारखाना म्हणायची पद्धत आजोबांपासूनची. आजोबांनी खरोखरच पियानो बांधले, एक्केचाळीस. लाकूड दहा दहा वर्षं वाळवून, सरस स्वतः शिजवून. पुढे मोठ्या कंपन्यांचे पियानो आठवड्याला एक्केचाळीस बाहेर पडायला लागले तेव्हा आजोबांनी हत्यारं न आवरता फक्त काम बदललं, आणि अण्णांच्या हातात आली ती दुरुस्ती. पाटी मात्र उतरली नाही. अण्णांना गिऱ्हाइकं थोरले म्हणत आणि यांना धाकटे. थोरले जाऊन चौदा वर्षं झाली तरी धाकटे धाकटेच राहिले. एकदा पोस्टमनने चौकशी केली की इथे थोरलं कोण आहे, तर बायको म्हणाली, ती जागा रिकामी आहे, अर्ज मागवलेले नाहीत. आजोबांनी एक रीत घालून दिली होती. पियानो पुरा झाला की शेवटचं सप्तक, सर्वांत उंच स्वरांचं, शेवटी लावायचं. आणि ज्याच्या कानाने शेवटचा स्वर लागला त्याने अठ्ठ्याऐंशीवी पट्टी उपसून तिच्या लाकडी अंगावर, आत, गिऱ्हाइकाला कधी दिसणार नाही अशा जागी, शिसपेन्सिलीने सही करायची आणि तारीख घालायची. ज्याचा हात चालला त्याची सही नाही, ज्याचा कान चालला त्याची. आजोबा म्हणत, हात भाड्याने मिळतात.

आणि दोन हिवाळ्यांपूर्वी धाकट्यांचा कान गेला. सगळा नाही. बायको स्वयंपाकघरातून हळू आवाजात काय म्हणते ते नको तितकं ऐकू यायचं. गेला तो वरचा काठ. बसथांब्यावर उभे असताना एका ट्रकने ब्रेक दाबला. रांगेतल्या सगळ्यांनी दात आवळून कानांवर हात नेले, एक तान्हं पोर किंचाळलं, आणि धाकट्यांना फक्त चाकं घासल्याचा भरडा घर्घराट ऐकू आला. सगळ्यांनी हात ठेवले म्हणून त्यांनीही ठेवले. त्या दुपारी कारखान्यात आल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि शेवटची पट्टी वाजवली. टक्. हातोडी तारेवर आदळल्याचा लाकडी आवाज, आणि त्यानंतर जिथे सुईच्या टोकासारखा स्वर असायला हवा होता तिथे नुसती जागा. त्यांनी दहादा वाजवली. मग दुसऱ्या पियानोची वाजवली, कारण माणूस आधी पियानोवर संशय घेतो.

डॉक्टरकडे ते गेले नाहीत. गेलं की नाव मिळतं, आणि नाव मिळालेली गोष्ट घरात राहायला येते. यंत्र घ्यायचीही सोय नव्हती. शहरात यंत्र लावून सूर जुळवणारे आता गल्लोगल्ली झाले होते, फोनवर एक सुई हलते, सुई मध्ये आली की स्वर लागला. कारखान्यात त्यांना सुईवाले म्हणत आणि ते नाव धाकट्यांनीच पाडलं होतं. प्रत्येक पियानोचा वरचा काठ ज्याच्या त्याच्या लाकडाप्रमाणे थोडा ताणून लावावा लागतो, तो ताण सुईला कळत नाही, हे त्यांनी इतक्या दिवाणखान्यांत चहा पिता पिता सांगितलं होतं की आता फोन खिशातून काढणं म्हणजे त्या सगळ्या चहांची उलटी. तेव्हा त्यांनी दुसरी युक्ती काढली. लेकीला म्हणाले, तुझा कान अजून तयार व्हायचाय, वरच्या सप्तकात तो तयार होतो, तेव्हा मी फिरवतो, तू सांग. ते खुंटीवर चावी बसवून कणाकणाने फिरवत, पट्टी वाजवत, आणि ती मान कलती करून ऐके आणि म्हणे, अजून, अजून, थांबा, लागला. ती हात धुवायला गेली की धाकटे टोचा घेऊन खुंटीवर आणि चौकटीवर एकेक रेघ मारत. म्हणजे पुढे गिऱ्हाइकाच्या घरी एकट्याने जाऊन तोच पियानो लावायची वेळ आली, तर रेघेला रेघ जुळवली की झालं. या युक्तीचा त्यांना मनातून अभिमानही होता. पिढ्यान्‌पिढ्या कोणाला सुचली नाही.

युक्तीत एकच खोट होती, आणि ती कळायला चाळीस वर्षांचा अनुभव लागत नाही, चार दिवसांचा पुरतो. खुंटी जागच्या जागी राहते. तार राहत नाही. ती खुंटीशी एकनिष्ठ असल्यासारखी दिसत आतून सैल पडत जाते. रेघ रेघेला भिडलेली, आणि स्वर उतरलेला. मागच्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त संगीतशिक्षिका बाईंनी अनामिकेने शेवटची पट्टी दाबून विचारलं होतं, की धाकटे, हा स्वर तुम्ही घरी विसरून आलात का. धाकटे म्हणाले, हवा बदलली, बाई. बाई म्हणाल्या, माझ्या एकटीच्याच घरात बदलली? त्यावर दोघंही हसले. जिने उतरताना, तिसऱ्या मजल्यावर आल्यावर धाकट्यांना वाटलं होतं, हवा बदलली हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय.

आता कुठे ऐकलं ते समोर होतं. अण्णा दारात उभे, कोट चढवलेला, आणि बाहेर कोणी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलेलं. हवा बदलली. त्यांचा तो ठाम, समोरच्यालाच हवामानाचं अज्ञान असल्यासारखा आवाज. आणि त्याहून मागे, या खोलीतच, याच खिडकीशी, सव्वीस वर्षांचा धाकटा, तेव्हा खरोखर धाकटा, पियानोच्या उजव्या अंगाला कान लावून उभा, आणि अण्णा चावीवर वाकलेले. मी फिरवतो, तू सांग. तुझा कान अजून तयार व्हायचाय. अजून एक वर्ष. दर वर्षी अजून एक वर्ष. वर्षं सुटी सुटी दिल्यामुळे जड लागली नाहीत. त्या वर्षी त्याच्या खिशात पत्र होतं. किनाऱ्यावरची दीपगृहं तपासणाऱ्या खात्यात त्याची निवड झाली होती. मित्राने आणि त्याने मिळून अर्ज केला होता आणि मित्र बिछाना बांधून तयार होता. धाकट्याला दीपगृहांचं काही कळत नव्हतं, पण दिवा म्हटल्यावर तिथे काही ऐकावं लागणार नाही, नुसतं बघावं लागेल, एवढं त्याने धरून ठेवलं होतं. जिथे आवाज फक्त समुद्राचा, आणि तो लागला की नाही हे कोणी विचारत नाही. रात्री अंथरुणात तो ती खोली मनाशी बांधत असे: गोल भिंत, वर जाणारा जिना, पितळी कडी. अण्णांना विचारलं तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, जा की, पण कान अर्धा कच्चा टाकून जाशील, एवढा तयार करून जा. मित्राने जाताना विचारलं, मग मागून येतोस ना. धाकटा म्हणाला, बघू.

बायको या घरात आली तेव्हा ही गोष्ट तिला सांगितली गेली आणि तिने ती तेवढ्यात निकालात काढली. म्हणाली, तुमच्याकडे पियानोत अठ्ठ्याऐंशी स्वर असतात आणि माणसांत दोनच. सासऱ्यांचा, अजून एक वर्ष. आणि तुमचा, बघू.

तर अण्णांना ऐकू येत नव्हतं. धाकट्यांनी ब्रशच्या दांड्याने एक रेघ खरवडून पाहिली. ती खोल होती. आपल्याला कान तयार करायला ठेवलं नव्हतं, कान म्हणून ठेवलं होतं. त्यांनी शेवटची पट्टी उपसून बाहेर काढली, लांब, हलकी, वाळलेल्या लाकडाची, आणि खिडकीकडे धरली. अण्णांची सही. गिचमिडीशिवाय, सावकाश केलेली, सहीखाली तारीख. पत्राच्या वर्षाची. या सहीत कान माझा होता, त्यांच्या मनात आलं, आणि शेजारी हा विचारही बसला होता की गेल्या दोन हिवाळ्यांत ज्या नऊ पियानोंवर आपण सही केली त्या नऊ पट्ट्यांतला कान कोणाचा होता. तो त्यांनी तिथेच बसू दिला. चिडायला मिळालंय तोवर माणसाने नीट चिडून घ्यावं. एकतीस वर्षं. त्यांनी ती पसरून पाहिली: किती जिने, किती दिवाणखाने, किती वेळा दुसऱ्यांच्या खोल्यांत पाठमोरं उभं राहून एकच पट्टी दोनशेदा वाजवली आणि आतून कोणी म्हणालं, झालं का हो एकदाचं. सरसाचा वास अंगात इतका मुरला की बायको सांगे, तुम्ही गर्दीत हरवलात तर मी हुंगून काढीन. या सगळ्याचा देणेकरी सापडला होता, आणि तो चौदा वर्षांपूर्वी मरून मोकळा झाला होता. मोकळं होणं त्यांना नेहमीच जमायचं.

एक गोष्ट मात्र नजरेला टोचत राहिली. मधल्या वर्षांत सुईवाल्यांनी हा पियानो लावलेला होता, त्यामुळे खुंटीवरची रेघ आणि चौकटीवरची रेघ आता कुठेच भिडत नव्हत्या. पण अकरा पट्ट्यांच्या खुंट्या रेघेपासून केसभर सरकलेल्या होत्या, सगळ्या सारख्याच. शेवटच्या पट्टीच्या तीन मात्र चांगल्या गव्हाच्या दाण्याएवढ्या. एवढं कोणीही सुईवाला फिरवणार नाही, तार तुटेल. ती रेघच मुळात चुकीच्या जागी मारलेली असली पाहिजे. अण्णा आणि चुकीच्या जागी. धाकट्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, वाकून पाहिलं, आणि कशामुळे कोण जाणे, ताठ झाले आणि त्या खुंट्यांकडे पुन्हा पाहायचं टाळलं.

"बाबा, उद्या संध्याकाळपर्यंत त्यांना कळवायचंय," लेक मागून म्हणाली. हातोड्यांचं काम संपवून तिने मांडीवरचा नमद्याचा भुगा झटकला. त्यांना म्हणजे पुलांवाल्यांना. ती शिकली होती इंजिनिअर व्हायला, आणि तीन वर्षांपूर्वी, आईच्या ऑपरेशनच्या वेळी, दोन महिने मदतीला म्हणून कारखान्यात उतरली होती. आता एका कंपनीने तिला बोलावलं होतं. मोठमोठे पूल जाड तारांनी टांगलेले असतात, त्या तारा ठोकून, त्यांचा कंप मोजून, कुठली सैल पडतेय ते ओळखायचं. मुलाखतीत तिला विचारलं, तुम्ही आत्ता काय करता, तर तिने सांगितलं, हेच करते, लहान करते. जागा लांबची, दोन दिवसांच्या प्रवासावरची. घरी यावर तीन आठवडे बोलणं चाललं होतं, म्हणजे बायको बोलत होती. ती म्हणत होती, जा, मी पट्ट्या वाजवून घेईन यांच्याकडून. लेक ऐकत होती आणि बापाकडे बघत होती, आणि बाप पियानोत डोकं घालत होता.

कारण कुठूनही मोजलं तरी बाकी तेवढीच येत होती. खरं सांगावं, की मला वरचं ऐकू येत नाही, तर ही पोरगी कसली जाते. खरं न सांगता तिला ठेवून घ्यावं, कान अजून तयार व्हायचाय म्हणावं, तर ते अण्णा झाले. आज सकाळपर्यंत त्यांना वाटत होतं, की आपण तिसरं काही करतोय. रेघा पाहिल्यावर तेही गेलं. खोली तीच होती, खिडकी तीच, टोचाही तोच. आणि त्यांना असं वाटलं, की आपण अण्णांच्या कोटात शिरलोय आणि बाहेर यायच्या बाहीत हात सापडत नाहीये. तेव्हा एकच वाट उरत होती. मला उत्तम ऐकू येतं असं तिला पटवायचं. अण्णांनी ठेवून घ्यायला खोटं सांगितलं. आपण सोडायला सांगू. खोट्याखोट्यात एवढा तरी फरक असेल.

"कळव की," ते म्हणाले. "हो म्हण. इथे काय अडलंय? तुझ्या आधी मी एकटाच लावत होतो."

लेक उठून पियानोपाशी आली, बापाच्या हातातली पट्टी घेऊन तिच्यावरची सही वाचली, मग वाकून खुंट्या पाहिल्या. खूप वेळ पाहिल्या. धाकट्यांनी खोकला काढला, बाहेर कोणीतरी आलंय का बघतो म्हणाले, बाहेर कोणी नव्हतं. परत आले तेव्हा तिने पट्टी जागेवर बसवली होती आणि चावी तिच्या हातात होती. सगळं खालचं त्या दोघांनी दुपारपर्यंत लावून संपवलं, डावीकडून उजवीकडे, एकमेकांना चावी देत घेत. मधली सप्तकं धाकट्यांना अजून स्वच्छ ऐकू येत आणि तेवढा वेळ ते सुखी होते, दोन स्वरांमधली थरथर मंद होत होत विरून जाताना ऐकण्याचं ते जुनं सुख, कपड्याची सुरकुती तळव्याखाली निघावी तसं. जेवणाचा डबा उघडला, बंद झाला. अकरा पट्ट्या उरल्या, मग सहा, मग एक. वरच्या पट्ट्यांना नेहमीप्रमाणे तेच फिरवत होते आणि ती सांगत होती. शेवटच्या पट्टीला त्यांना घोटभर पाणी हवं झालं. ते माठाकडे जाऊन आले, तर ती त्यांच्या जागी उभी.

"आज उलट करू," ती म्हणाली. "मी फिरवते, तुम्ही सांगा."

धाकटे हसले. ते हसणं त्यांना स्वतःलाच अण्णांचं वाटलं. ठीक आहे म्हणाले, आणि उजव्या अंगाला येऊन, मान कलती करून, डोळे मिटून उभे राहिले. मग डोळे उघडे ठेवणं सोयीचं म्हणून अर्धे उघडले. तिने पट्टी वाजवली. टक्. त्यांनी कपाळाला आठी घातली. अजून, म्हणाले. टक्. तिचं मनगट त्यांना पापण्यांतून दिसत होतं. मनगट कधी जड होतं आणि कधी सैल सुटतं, हे चाळीस वर्षं पाहिलेल्या माणसाला कान कशाला हवेत. अजून. टक्. थोडा वर. टक्. तिचा श्वास थांबला, मनगट थांबलं. टक्. लाकडावर लाकूड, आणि पुढे ती रिकामी जागा. त्या जागेत त्यांनी मनाने एक स्वर ठेवला, अगदी बारीक, अगदी खरा.

"लागला," धाकटे म्हणाले. "आता हात लावू नकोस. सुंदर लागला."

लेकीने चावी काढून घेतली. मग दोन बोटांनी, शेवटच्या तीन तारांच्या मधून, नमद्याची लाल पाचर ओढून काढली आणि पट्ट्यांवर ठेवली. तारा मुक्या करायची पाचर. ती आधीपासून आत होती. त्या तारांतून कोणाच्याही कानाला काहीच ऐकू आलं नसतं.

रस्त्यावरून गाडी गेली, खिडकीची काच थरारली. ते पाचरीकडे बघत राहिले. आणि ज्या गोष्टीकडे सकाळपासून पाठ केली होती ती आता समोरून चालत आली, तिला दार उघडायचीही गरज पडली नाही. पत्र खिशात. हाच पियानो. अण्णा चावीवर वाकलेले, आणि सव्वीस वर्षांच्या धाकट्याच्या मनात कुठूनतरी संशय शिरलेला. अण्णा फिरवत होते, स्वर अजून चांगला खाली होता, रड्या पोरासारखा, कुठल्याही कानाला कळावा इतका, आणि धाकटा मुद्दाम म्हणाला होता, लागला. अण्णा थांबले. पट्टी एकदा वाजवली. मान हलवली. हं, म्हणाले, आता बरोबर. आणि त्यांनी पेन्सिल मागितली. अण्णा जेवायला घरी गेल्यावर धाकट्याने चावी बसवून तो स्वर वर नेला होता, गव्हाच्या दाण्याएवढा, एकट्याने, आणि कोणाला काही सांगितलं नव्हतं. अण्णांना नाही. मित्राला नाही. पुढे बायकोलाही नाही. स्वतःला तर मुळीच नाही. त्याला माहीत होतं. पहिल्या वर्षापासून माहीत होतं. अण्णांनी कोणाला धरून ठेवलं नव्हतं. दार उघडं होतं, आणि दीपगृहाची खोली जवळ आल्यावर ती गोल भिंत, तो जिना, ते नुसतं बघत बसणं याची त्याला मनापासून भीती वाटली होती, आणि म्हाताऱ्याचा बहिरेपणा अगदी वेळेवर हाताशी आला होता. ज्याच्या नावावर एकतीस वर्षं लिहिली होती त्याच्या नावावर एकही दिवस निघेना.

"कधीपासून कळलंय तुला?" त्यांनी विचारलं.

"मागच्या हिवाळ्यापासून. चौथ्या मजल्यावरच्या बाईंकडे मी दोनदा जाऊन लावून आलेय. त्यांनीच बोलावलं. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या."

"आणि मागच्या आठवड्यात मला हसत होत्या."

"त्या सगळ्यांनाच हसतात."

धाकटे स्टुलावर बसले. मग त्यांनी सांगितलं. आयुष्यात इतकं सलग ते कधी बोलले नव्हते. मध्ये मध्ये वाक्यं अर्धी राहत, आणि ती पुरी करायला ते मागे जात. रेघा कोणाच्या ते सांगितलं. पत्राचं सांगितलं, आणि शेवटी, आवाज उतरवून, दाण्याएवढ्या त्या फरकाचं सांगितलं. ती ऐकत होती. ऐकताना तिची मान कलती झाली होती, आणि धाकट्यांना वाटलं, ही शब्द ऐकत नाहीये, ही आपल्यातली थरथर ऐकतेय, कुठे थांबते ते बघतेय.

"मला कळलं होतं आणि मी राहिलो," ते म्हणाले. "अण्णांसाठी राहिलो असं म्हणत आलो. ते खोटं. तुला जर जायची भीती वाटत असेल तर ती भीती म्हण. माझ्या कानाचं नाव सांगू नकोस. सुईवाल्यांचं यंत्र घेईन मी, चारचौघांत घेईन. तू उद्याची वाट बघू नकोस, आत्ता त्यांना हो म्हणून कळव."

बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. छातीतली एक पट्टी इतकी वर्षं दाबलेली राहिली होती, ती सुटून वर आली. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिने खिडकीबाहेर पाहिलं, समोरच्या इमारतीत कोणीतरी चादरी वाळत घालत होतं तिकडे. मग तिने पाचर उचलून एप्रनच्या खिशात टाकली, नीट, सवयीने, उद्या लागणारी वस्तू ठेवतात तशी.

"बघू," ती म्हणाली.

अगदी सहज म्हणाली. ना जड, ना हळू. धाकट्यांना तो स्वर तंतोतंत ओळखू आला. तो लावायला चावी लागत नव्हती. ते तोंड उघडून काही म्हणणार होते, पण तिने चावी त्यांच्यापुढे धरली, दांडा त्यांच्या बाजूला करून, हत्यार मोठ्यांच्या हातात देतात तशी.

"उद्या नऊला न्यायचाय, बाबा. फिरवा तुम्ही, मी सांगते."

त्यांनी चावी घेतली. उठले. खुंटीच्या माथ्यावर ती बसवली, दाण्याएवढ्या अंतरावरच्या त्या जुन्या रेघेवरून अंगठा फिरवला, आणि डाव्या हाताने शेवटची पट्टी वाजवली. टक्. मग ते मान वळवून तिच्या तोंडाकडे बघत, ती काय म्हणते याची वाट पाहत उभे राहिले.